खेळासाठी बिऱ्हाड

बिऱ्हाड शोधण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधीच आला नाही असा मध्यम स्थितीतला गृहस्थ महाराष्ट्रात विरळा. भाडे परवडते तेथे पाणी नसते. पाणी असते तेथे मालक खाष्ट असतो. आणि मालक सज्जन निघालाच, तर ती जागा कचेरीपासून इतकी दूर असते की, भाड्यात वाचलेले पैसे जाण्यायेण्यात खर्ची पडावेत. आम्ही आजवर तीन गावी बिऱ्हाडे केली, आणि ह्या विद्येत आता नवीन काही शिकावयाचे उरले नाही अशी आमची समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात घरातील मुलांनी जे बिऱ्हाड शोधण्याचे काम आमच्या गळ्यात घातले ते मात्र माणसांसाठी नव्हते. ते एका खेळासाठी होते.

माइनक्राफ्ट हे त्या खेळाचे नाव. स्वीडनमधील एका लहानशा मंडळीने रचलेला हा खेळ २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती मंडळीच अडीचशे कोटी डॉलरांस विकत घेतली. आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतक्या खपाचा खेळ म्हणजे त्यात मारामारी पुष्कळ असावयाची, असा कित्येक वडीलधाऱ्यांप्रमाणे आमचाही तर्क होता. मारामारी थोडीबहुत आहेही. परंतु खेळाचा मुख्य जीव आहे तो बांधकामात. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. दगड, माती, लाकूड, पाणी सर्व काही ठोकळ्यांचे. आणि प्रत्येक ठोकळा लांबी, रुंदी व उंचीने एकेक मीटर. ते खणावे, रचावे, आणि मनास येईल ते उभारावे.

आमच्या घरच्या आठ मुलांच्या मनास जे आले ते सांगितल्यावाचून पुढील खटाटोपाचा अर्थ वाचकांस कळणार नाही. पनवेलीतील आमचा वडिलोपार्जित वाडा २०१४ साली पाडला गेला आणि त्या जागी पाच मजली इमारत उभी राहिली. कुटुंबाच्या वाट्यास तीन घरे आली. बाकीची भावंडे पुणे, नाशिक, ठाणे अशी पांगली, व एकाचे बिऱ्हाड अमेरिकेत न्यू जर्सी येथे गेले. आठांपैकी पाच मुलांनी तो वाडा डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. वाड्याचा नकाशा कोणापाशी नाही. छायाचित्रे आहेत ती लग्नमुंजींची, आणि त्यांत वाड्यापेक्षा पाहुणेच अधिक दिसतात. सारा वाडा खरोखर शिल्लक आहे तो एका ठिकाणी, आमच्या मातोश्रींच्या आठवणीत. आणि त्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलांनी त्यांस खुर्चीवर बसवून विचारावे, "आजी, ओटीवरून माजघरात जायला किती पायऱ्या?" आणि त्यांनी डोळे मिटून सांगावे, "दोन. दुसरी झिजलेली होती, तिथं सगळे ठेचकाळायचे." ह्याप्रमाणे दोन महिन्यांत देवडी, ओटी, माजघर, देवघर व अर्धी माडी इतके काम उभे राहिले.

पुढे ते सर्व नाहीसे झाले. मुलांनी आपले जग एका फुकट जागा देणाऱ्या परदेशी मंडळीकडे ठेविले होते. तेथे खेळावयास बसण्यापूर्वी रांगेत तिष्ठावे लागे, कोणी नसले की जग आपोआप निजे, आणि जाहिराती पाहाव्या लागत त्या वेगळ्याच. फुकटच्या मानाने ह्यांत तक्रारीस जागा नाही. परंतु वार्षिक परीक्षांच्या दिवसांत कोणी तिकडे फिरकले नाही, आणि अमुक दिवस वापर नसल्यास जग पुसून टाकण्याचा त्या मंडळीचा नियम होता, तो तिने पाळला. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "परत सांगते. पण ह्या खेपेस नीट ठेवा रे बाबांनो. तिसऱ्यांदा सांगायला मी असेन असं धरून चालू नका." त्या दिवशी हे काम मुलांच्या हातून वडील माणसांच्या हाती आले.

एकट्याने खेळणाऱ्यास घरचा संगणक पुरतो. आठ जणांस एकाच जगात वावरावयाचे असेल तर मात्र ते जग कोठेतरी एका जागी जागते ठेवावे लागते. कोणी कोणता ठोकळा कोठे ठेवला ह्याची नोंद घेऊन ती तत्क्षणी बाकीच्या सातांस कळविणारा एक मुनीम तेथे बसलेला असतो. त्या मुनिमास सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्या बसण्याच्या जागेचे भाडे म्हणजे होस्टिंग.

प्रथम विचार आला तो हा की, मुनीम घरीच बसवावा. माळ्यावर एक जुना संगणक पडून होता. भाडे नाही, करार नाही, मालकाची मर्जी नाही. परंतु हिशेब मांडून पाहता घरचे बिऱ्हाडही फुकट पडत नाही असे दिसले. तो संगणक साठ वॉट वीज घेतो असे धरले, तर दिवसाचे चोवीस तास व महिन्याचे तीस दिवस मिळून ४३ युनिटे होतात. आणि वरच्या टप्प्यातील युनिट दहा रुपयांच्या आसपास धरले तरी महिना सव्वाचारशे रुपये वीजबिलात चढतात. शिवाय पनवेलीचा पाऊस! आषाढात वीज गेली की मुनीमही अंधारात. त्यासाठी बॅटरी ठेवावी तर तिचा खर्च वेगळा.

ह्याहून मोठी अडचण पत्त्याची निघाली. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला. त्यामुळे घरोघर जोडणी देणाऱ्या कंपन्या एकच पत्ता शेकडो घरांस मिळून देतात. मोठ्या चाळीचा प्रकार हा. चाळीतून पत्र पाठविण्यास हरकत नाही आणि त्याचे उत्तरही बरोबर येते. परंतु बाहेरचा अनोळखी पोस्टमन आपण होऊन आला, तर कोणत्या खोलीत जावे हे त्यास कळत नाही. पुण्याची मुले आमच्या मुनिमाचे दार ठोठावू पाहत आणि चाळीच्या फाटकावरूनच परत फिरत. स्वतंत्र पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो. परंतु तो घेतल्यावर घरचे बिऱ्हाड भाड्याच्या बिऱ्हाडापेक्षा महाग पडू लागले, आणि आम्ही तो नाद सोडला.

मग परदेश. जर्मनीत जागा स्वस्त, आणि तेथील यंत्रेही चांगली. दरपत्रक पाहून आमचे नाशिकचे बंधू तर पैसे भरण्यासच निघाले होते. परंतु डॉलर अथवा युरोचे रुपये करताना बँकेचा अधिभार लागतो, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो, आणि पहिल्या महिन्याचा मोहक दर दुसऱ्या महिन्यात दुप्पट होतो. हे सारे मिळविले तरी जागा थोडी स्वस्तच होती. नडले ते अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई ते फ्रँकफुर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येण्यास निदान पासष्ट मिलिसेकंद, म्हणजेच सेकंदाचे पासष्ट सहस्रांश, लागणारच. त्यात कोणत्याही कंपनीने कितीही द्रव्य ओतले तरी काटछाट होणे नाही. प्रत्यक्षात तारा समुद्रतळाने वळसे घेत जातात, वाटेत ठाणी असतात, आणि आमच्या घरून मोजले तेव्हा १४० च्या आसपास भरले. मुंबईतील जागेस हेच माप सात-आठ पडले.

ह्या समुद्रतळच्या वाटेचा भरवसाही पूर्ण नाही. २००८ च्या जानेवारीत इजिप्तच्या अलेक्झांड्रियानजीक तारा तुटल्या तेव्हा हिंदुस्थानातील कचेऱ्या कित्येक दिवस रखडल्या होत्या. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात जेद्द्यानजीक पुन्हा तसेच घडले. १८७० साली मुंबईहून सुवेझकडे पहिली समुद्रतार गेली तीही ह्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने. दीडशे वर्षांत तार तांब्याची होती ती काचेची झाली. चिंचोळी वाट तीच राहिली.

येथे घरात एक न्यायाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर दोन रात्री जेवणे लांबली. जर्मनी ही आमच्यापासून दूर खरी, पण न्यू जर्सीच्या चिरंजीवांस मुंबईपेक्षा पुष्कळच जवळ. मुंबईत जागा घेतली तर सात मुले सुखी, आणि एकट्या त्याच्या प्रत्येक हालचालीस दोनशेंहून अधिक मिलिसेकंदांचा उशीर. ठाण्याच्या वहिनींचे म्हणणे असे की, जो आधीच दूर गेला आहे त्यास आणखी दूर लोटणे बरे नव्हे. सर्वांनी थोडे थोडे सोसावे. पुण्याचे बंधू गणिताचे प्राध्यापक. त्यांनी सरासरी काढून दाखविली. शेवटी निकाल दिला तो ज्याच्याविषयी वाद चालला होता त्यानेच. दूरध्वनीवरून तो म्हणाला, "काका, भुतांशी लढायचं असेल तर मला त्रास होईल. भिंत बांधायला काही होत नाही. मी भिंतीच बांधतो." अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे बोलणे ऐकून वहिनींनी पदर डोळ्यांस लाविला. आमच्या मते त्याने केवळ यंत्राचे खरे वर्म सांगितले होते. बांधकामास उशीर सोसतो. तलवारीस सोसत नाही. ज्या घरची मुले गोळीबाराचे खेळ खेळतात त्यांनी मात्र जागा जवळच पाहावी, दुसरा विचार करू नये.

मुंबईतच जागा पाहावयाची असे ठरल्यावर धाकट्या मुलीने विचारले, "मग ती एवढी मोठी इमारत आपल्या पनवेलातच आहे ना? तिथंच का नाही घ्यायची?" प्रश्न वाजवी होता. पनवेलच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत योट्टा ह्या कंपनीचे एनएम-१ नावाचे विदा केंद्र २०२० च्या जुलैत सुरू झाले. उद्घाटनाच्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे त्याचे क्षेत्र आठ लक्ष वीस हजार चौरस फूट, आत यंत्रे ठेवण्याच्या ७,२०० मांडण्या, आणि विजेची तरतूद ५० मेगावॉट. आमच्या माळ्यावरच्या साठ वॉटांच्या शेजारी हा आकडा ठेवून मुलांनी भागाकार केला, तो आठ लक्षांवर गेला. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू होडीने पनवेलीस उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. माल उतरविणे, ठेवणे व पुढे धाडणे हा ह्या गावाचा पिढीजात धंदा आहे, आणि तोच आता दुसऱ्या मालाने चालू झाला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि अशा इमारतींची मुख्य गिऱ्हाइके म्हणजे बँका आणि मोठ्या कंपन्या. तेथे जाऊन आठ मुलांच्या खेळापुरती जागा मागणे म्हणजे घाऊक बाजारात कोथिंबिरीची एक जुडी मागण्यासारखे. किरकोळ गिऱ्हाइकाने किरकोळ दुकानदार गाठावा; तो अशाच एखाद्या इमारतीत मांडणी घेतो आणि तिचे तुकडे पाडून भाड्याने देतो. आणि जागा शेजारी असल्याने फार मोठा लाभ होतो असेही नाही. आमच्या घरची जोडणी एका कंपनीची, शेजारच्या इमारतीची दुसरीची. त्यांची गाठ पडावयाची ती बहुधा मुंबईतील देवघेवीच्या ठाण्यावर. म्हणजे भिंतीपलीकडे धाडलेले पत्रही मुंबईस जाऊनच परत यावयाचे!

किरकोळ दुकानदार पुष्कळ निघाले, आणि सर्वांच्या जाहिराती एकाच शिक्षकाने घोटून घेतल्यासारख्या. 'अमर्याद खेळाडू' हा शब्द तर प्रत्येकाच्या पाटीवर. त्यास काडीचा अर्थ नाही. हा खेळ सेकंदाचे वीस भाग करतो. प्रत्येक भागात, म्हणजे पन्नास मिलिसेकंदांत, जगातील सर्व घडामोडींचा हिशेब पुरा व्हावा लागतो. तो झाला नाही की जग मंदावते, दारे उशिरा उघडतात, फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसतो. आणि ह्या हिशेबाचा मुख्य भाग संगणकाच्या एकाच गाभ्यावर चालतो. म्हणून आठ गाभे देतो म्हणणाऱ्यापेक्षा एकच पण चपळ गाभा देणारा बरा. दुकानदार मात्र स्मरणशक्ती विकतात, कारण ती मोजून दाखविता येते. इतके जीबी, तितके जीबी! आठ मुलांच्या साध्या खेळास चार जीबी पुरतात. चपळाई किती आणि ती किती बिऱ्हाडकरूंत वाटली आहे हे दरपत्रकात लिहिलेले नसते. ते संध्याकाळी कळते.

संध्याकाळी का? दुपारी बारा वाजता सर्व नळांस पाणी सारखेच येते. सकाळी सात वाजता चाळ जागी झाली म्हणजे मालकाने टाकी केवढी बांधली आहे ते दिसते. आम्ही मुलांस सांगितले की, कोठेही वर्षाचे पैसे एकदम भरावयाचे नाहीत, सवलत कितीही दाखवोत; महिन्याच्या बोलीने घ्यावयाचे, आणि रात्री आठ ते दहा ह्या वेळात तपासावयाचे. सर्व्हरसाठी 'पेपर' नावाची जी फुकट प्रणाली मिळते तीत, सेकंदाचे वीसांपैकी किती भाग पुरे होत आहेत हे एका आज्ञेने दिसते. पहिल्या दुकानदाराकडे दुपारी वीस, रात्री नऊ वाजता तेरा. महिना संपताच ते बिऱ्हाड सोडले. दुसऱ्याकडे रात्रीही साडेएकोणीसच्या खाली उतरले नाही. भाडे महिना साडेचारशे रुपये, वर कर.

आणि भाडे वाढविण्यापूर्वी पसारा कमी करून पाहावा, ही गोष्ट माणसांच्या बिऱ्हाडास लागू आहे तशीच येथेही. खेळाडूच्या सभोवार किती जग जागे ठेवावयाचे ह्याचा एक आकडा असतो. मूळचा तो दहा. म्हणजे चहूंकडे दहा-दहा व मधला एक मिळून एकवीस गुणिले एकवीस, ४४१ तुकडे, प्रत्येक खेळाडूसाठी. तोच आकडा सहा केला की तेरा गुणिले तेरा, १६९. मुनिमाचे ओझे निम्म्याहून कमी झाले, पै खर्च न होता. वाडा बांधणाऱ्यास क्षितिजावरचे डोंगर दिसले नाहीत म्हणून काय बिघडते?

दाराच्या कडीचीही व्यवस्था केली. ज्यांची नावे यादीत आहेत तेच आत येतील, इतर कोणी नाही. ही काळजी आम्हांस प्रथम अतिरेकाची वाटली होती; परंतु वाचता वाचता २०१६ सालची हकीकत सापडली. न्यू जर्सीतीलच एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने दोन साथीदारांसह मिराई नावाची दुष्ट प्रणाली रचली. घरोघरचे कॅमेरे व राऊटर गुप्तपणे ताब्यात घ्यावयाचे आणि त्या सर्वांकडून एकाच दारावर धडका मारावयाच्या, अशी तिची रीत. तिचा उगम ह्याच माइनक्राफ्टच्या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या धंद्यातील चढाओढीत होता. पुढे ती प्रणाली सर्वांच्या हाती पडली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. तिघांनीही २०१७ च्या डिसेंबरात गुन्हा कबूल केला. मुलांच्या खेळण्यावरून सुरू झालेले भांडण कोठवर जाते पाहा!

शेवटचा प्रश्न मातोश्रींनी घातलेल्या अटीचा. नीट ठेवणे म्हणजे काय? चांगल्या मालकाच्या घरासही आग लागते. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच ह्या मोठ्या कंपनीचे एक केंद्र जळून खाक झाले, तेव्हा रस्ट नावाच्या खेळाचे युरोपातील २५ सर्व्हर आतल्या जगांसकट गेले, ते परत मिळाले नाहीत. तेव्हा दर रविवारी जगाची एक नक्कल काढून ती पनवेल, पुणे व न्यू जर्सी अशा तीन ठिकाणी ठेवावयाची असा नियम झाला. नक्कल उतरविण्याचे काम पाळीपाळीने, आणि उतरविली की सर्वांच्या समूहावर 'वाडा उतरला' असे लिहावयाचे. ह्या नियमास आजवर खंड पडलेला नाही, परीक्षांतही नाही.

खर्चाच्या वाटणीवरून थोडी कुरकुर झाली. न्यू जर्सीचे बंधू म्हणाले, "सहा डॉलरच होतात, ते मीच भरत जाईन." मातोश्रींनी ते चालू दिले नाही. एकाने भरले तर बाकीची मुले त्याच्या घरी पाहुणी होतील, असे त्यांचे मत. करासह ५३१ रुपये पाच बिऱ्हाडांत वाटले जातात. प्रत्येकी १०६, आणि वरचा रुपया धाकटीच्या खाऊच्या डब्यातून.

शनिवारी रात्री आठ वाजता सर्व जमतात. तेव्हा न्यू जर्सीत सकाळ असते. देवघर व माजघर पुन्हा उभे राहिले, माडीचा जिनाही झाला. हल्ली काम अडले आहे ते मागल्या चौकातील विहिरीपाशी. ती सहा परस खोल होती असे मातोश्री ठामपणे सांगतात. आता परस म्हणजे उभ्या माणसाची उंची, की हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची, ह्यावर घरात एकमत नाही. पहिल्या मापाने दहा ठोकळे खणावे लागतात, दुसऱ्याने तेरा. नाशिकच्या थोरल्या काकांनी लहानपणी त्या विहिरीत उडी टाकली होती, त्यांस विचारले आहे. तोवर मुलांनी दहा ठोकळे खणून वर फळी टाकून ठेविली आहे.